मोबाइल नेटवर टॉरमधून बिटकॉइन नोड चालतो का?

चालतो ना भाऊ. नोड म्हणजे बिटकॉइनचे सगळे व्यवहार स्वतः तपासणारा संगणक, अन् टॉर म्हणजे आपला पत्ता लपवून डेटा फिरवणारं नेटवर्क. दारव्ह्याजवळच्या खेड्यात माझा जुन्या लॅपटॉपवर, तुरीच्या पोत्यांशेजारी सुरू आहे. मोबाइल नेटवर सहसा स्वतःचा पब्लिक आयपी (बाहेरून थेट गाठता येणारा इंटरनेट पत्ता) मिळत नाही म्हणून तुम्ही अडलात, पण टॉरला तो लागतच नाही. टॉरचा कंट्रोल पोर्ट ९०५१ (दुसऱ्या प्रोग्रॅमला टॉरशी बोलू देणारं दार) चालू असला की बिटकॉइन कोअर, म्हणजे नोडचं सॉफ्टवेअर, स्वतःच टॉरमधला ओनियन पत्ता तयार करतं. राउटरची भानगड नाही. बिटकॉइन कोअरच्या सेटिंगमध्ये टॉरचा प्रॉक्सी टाका: १२७.०.०.१, पोर्ट ९०५०.

खरी डोकेदुखी पहिलं सिंक, म्हणजे सगळी साखळी उतरवणं. ही साखळी (आजवरच्या सगळ्या व्यवहारांची नोंद) ६०० जीबीच्या वर, टॉरमधून रांगत येते; रोजच्या डेटा पॅकवर तर विसराच. अमरावतीत कोणाच्या फायबरवर उतरवून डिस्क घेऊन या. प्रूनिंगनं (तपासून झालेली जुनी नोंद पुसून) जागा वाचते, डाउनलोड नाही. इन्व्हर्टर मात्र घ्याच. लाइन गेली अन् माझा डेटाबेस दोनदा बिघडला.