पन्नास हजारांत घरी गाणी ऐकायला दोन स्टिरिओ स्पीकर घ्यावेत की पाच स्पीकरचं होम थिएटर?

दोनच घ्या. पाच नकोत.

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की हॉल बारा बाय पंधराचा आहे, ऐकणं मुख्यतः शास्त्रीय, नाट्यसंगीत आणि जुनी हिंदी गाणी, सिनेमा अधूनमधून. आणि शेवटी, "घरचे म्हणतात तेवढ्याच पैशात पाच स्पीकर आणि वर सबवूफर येतो, मग दोन डब्यांवर एवढा खर्च कशाला?" एरवी मी असल्या प्रश्नांना हात लावत नाही, पण हे शेवटचं वाक्य वाचलं आणि बसलो लिहायला. कारण शब्दन् शब्द हेच वाक्य मी आमच्या साडूंच्या तोंडून वर्षानुवर्षं ऐकत आलोय. दिवाळीत फराळाच्या ताटावर, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर दवाखान्याच्या बाकावर.

साडूंनी चिंचवडला फ्लॅट घेतला तेव्हाची गोष्ट. वास्तुशांत झाली, जेवणं झाली, आणि साडूंनी पाहुण्यांना हॉलमध्ये बसवून होम थिएटर दाखवायला घेतलं. छताजवळ चार कोपऱ्यांत चार छोटे स्पीकर, टीव्हीखाली एक, आणि सबवूफर, म्हणजे नुसता खर्ज वाजवणारा मोठा डबा, सोफ्यामागे कोपऱ्यात, कारण हिच्या बहिणीला तो दिसायला नको होता. आधी हेलिकॉप्टर फिरवलं. मग कुठल्याशा युद्धपटातला बॉम्ब पडला, शोकेसमधली काच थरथरली, पोरं खूष. तिथपर्यंत ठीक होतं.

मग नाना म्हणाले, "एखादा अभंग लावा की." नाना म्हणजे आमचे सासरे. उभा जन्म भजनी मंडळात पेटी वाजवली, सवाई गंधर्वला रात्र रात्र बसलेला माणूस. साडूंनी फोनवरून भीमसेनांचा अभंग लावला.

आता पुढे जे झालं ते नीट समजून घ्या, त्यात तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे. छताजवळचे ते स्पीकर मुठीएवढे, आतला कोन (पुढेमागे होऊन हवा हलवणारा शंकू) जेमतेम तीन इंचांचा. तीन इंची कोन साधारण दोनशे हर्ट्झच्या (सेकंदाला दोनशे कंपनांच्या) खाली पुरेशी हवा हलवूच शकत नाही, म्हणून त्याखालचं सगळं काम सबवूफरवर टाकलेलं असतं. पुरुष गायकाचा षड्ज, म्हणजे सा, काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी) धरला तर तो येतो १३९ हर्ट्झच्या आसपास, आणि पंचम २०८ ला. म्हणजे सा, रे, ग, म यांचा मूळ स्वर सोफ्यामागच्या पेटीतून, आणि गळा पंचमाच्या वर चढला की छतातून. बुवांची छाती एका कोपऱ्यात आणि तोंड पडद्याच्या दांडीवर! डग्गा तर नुसता ढब्ब ढब्ब, त्यात मींड नाही, घसीट नाही. टाळ मात्र सगळ्या बाजूंनी.

नानांनी अर्धा अभंग ऐकला आणि विचारलं, "आवाज खणखणीत आहे हो, पण बुवा बसलेत कुठे?"

साडूंनी रिमोट उचलून 'हॉल' दाबलं, मग 'स्टेडियम', मग 'म्युझिक'. बुवा प्रत्येक वेळी आणखी लांब गेले. शेवटी नानांनी सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचा विषय काढला.

पाहुणे पांगल्यावर साडू मला म्हणाले, "कसा काय? हजार वॉट आहे." मी काही बोललो नाही. सोफा जरा पुढे ओढला आणि सबवूफरच्या पाठीमागचं लेबल वाचून दाखवलं. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, ८० वॉट. सगळी सिस्टिम त्याच पेटीतल्या ॲम्प्लिफायरवर चालत होती. भिंतीतून ८० वॉट ओढून हजार वॉट बाहेर टाकणारं यंत्र खरंच असेल तर महावितरणने साडूंचा जाहीर सत्कार करायला हवा. साडू म्हणाले, "ते स्टँडबायचं असेल."

खोक्यावरच्या वॉटवर एक पैसाही लावू नका. नव्वदच्या दशकात टू-इन-वनवर 'पीएमपीओ' (क्षणभरच निघणारी कमाल ताकद) छापून हजारोंचे आकडे मारायचे, तीच परंपरा आजही वेगळ्या नावाने चालू आहे. बघायचं ते आरएमएस (सतत देता येणारी ताकद), आणि तेही कुठल्या ओहमला (स्पीकरच्या विद्युत अडथळ्याला) हे पाहून. त्याहून महत्त्वाचा आकडा म्हणजे स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे दिलेल्या वॉटला तो किती मोठा वाजतो ते. एका वॉटला एका मीटरवर ८६ ते ८८ डेसिबल देणारा स्पीकर या बजेटमध्ये सहज मिळतो. तुमच्या हॉलमध्ये समाधानाने गाणं ऐकायला कानाशी ७०-७५ डेसिबल पुरतात. म्हणजे बहुतेक वेळ तुमचा ॲम्प एक वॉटसुद्धा देत नसतो! वॉट दुप्पट केले तर वाढतात फक्त ३ डेसिबल, आणि कानाला आवाज दुप्पट वाटायला दहापट वॉट लागतात. तबल्याची थाप किंवा तार सप्तकातली तान अचानक येते तेव्हा ॲम्पचा दम जाऊ नये म्हणून दर चॅनलला (म्हणजे दर स्पीकरला) तीस ते पन्नास वॉट आरएमएस असावेत. त्यापुढचे पैसे तुमच्या हॉलमध्ये वाया.

मग घ्यायचं काय? पाच ते साडेसहा इंची वूफरचे (खालच्या स्वरांच्या मोठ्या कोनचे) बुकशेल्फ, म्हणजे छोट्या पेटीचे, स्पीकर, पॅसिव्ह (ज्यांच्या आत ॲम्प नसतो असे), आणि त्याला साधा दोन चॅनलचा इंटिग्रेटेड (सगळं एकाच डब्यात असलेला) ॲम्प. पैशांतले साठ टक्के स्पीकरवर घाला, तीस-पस्तीस ॲम्पवर, उरतील ते स्टँड आणि वायरीत. वार्फडेलची डायमंड मालिका, जेबीएलची स्टेज, पोल्क, क्यू अकॉस्टिक्स यांतली छोटी जोडी बघा. ॲम्प यामाहा किंवा डेननचा सगळ्यात खालचा. किमती सणासुदीला वरखाली होतात, म्हणून मॉडेल आधीच ठरवून बसू नका. ॲम्पचा व्याप नको असेल तर एडिफायरसारखे ॲक्टिव्ह (आतच ॲम्प असलेले) स्पीकर घ्या. आर१२८०डीबी हा चार इंची वूफरचा, ४२ वॉट आरएमएसचा जोड, त्याला ब्लूटूथ आणि ऑप्टिकल (प्रकाशाच्या तारेची जोडणी) दोन्ही आहेत. लहान बेडरूमला तो पुरे. तुमच्या हॉलला थोडा अपुरा पडेल, पण साडूंच्या हजार वॉटपेक्षा माणसाचा आवाज माणसासारखा नक्की येईल.

खर्ज कमी पडेल अशी भीती घरचे घालतील, कारण पेटी लहान दिसते. त्यांना तंबोऱ्याचा हिशोब सांगा. काळी एकच्या तंबोऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झला वाजते. बरा बुकशेल्फ स्पीकर ५५-६० पर्यंत उतरतो. म्हणजे तुमच्या ऐकण्यातला जवळजवळ सगळा ऐवज या दोन पेट्यांत बसतो. बीबीसीने १९७० च्या दशकात आपल्या ओबी व्हॅनसारख्या (स्टुडिओबाहेरून प्रक्षेपण करणाऱ्या गाडीसारख्या) अडचणीच्या जागांसाठी एलएस३/५ए नावाचा स्पीकर तयार केला. पाच इंची वूफर, बंद पेटी, खर्ज बेताचाच, पण बोलणाऱ्या माणसाचा आवाज अस्सल वाटावा यावर सगळा जोर. आज पन्नास वर्षांनीही लोक तो शोधत फिरतात. आपलं सगळं संगीत गळ्याभोवती उभं आहे. गळा बिघडवणारा स्पीकर बाकी काहीही करत असला तरी आपल्या कामाचा नाही.

साडूंचं पुढचं ऐका. घराला रंग दिला, त्यानंतरच्या गणपतीत आम्ही गेलो तर म्हणाले, "हल्ली आवाज पातळ झालाय, मेकॅनिकला बोलवावं म्हणतो." मी खुर्चीवर चढून बघितलं. पुढच्या डाव्या स्पीकरच्या स्प्रिंगच्या क्लिपमध्ये लाल वायर काळ्यात आणि काळी लालमध्ये. रंगाऱ्याने काढल्या आणि जमतील तशा खोचल्या. असं झालं की एक कोन बाहेर येतो तेव्हा दुसरा आत जातो, दोघं एकमेकांचे खालचे स्वर खाऊन टाकतात आणि गायक मधोमध न दिसता हॉलभर सांडतो. मी दोन वायरी अदलाबदल केल्या, आवाज भरला. यावर साडू काय म्हणाले असतील? "बघा! मी म्हणत होतो ना, सिस्टिम भारी आहे. दोनच स्पीकर असते तर एवढं जमलं असतं का?" हिने माझ्याकडे असं बघितलं की मी उकडीचा मोदक तोंडात कोंबला.

तेव्हा त्या दिवशी जे बोललो नाही ते इथे बोलतो. स्टिरिओ चालतो तोच मुळी दोन स्पीकरांवर. जुनी मोनो ध्वनिमुद्रिका दोन स्पीकरांवर लावा, मध्ये नीट बसा. गायक बरोबर दोघांच्या मध्ये, जिथे काहीच ठेवलेलं नाही तिथे, बसलेला ऐकू आला पाहिजे. आला नाही तर वायर उलटी आहे, नाहीतर मांडणी चुकली आहे, नाहीतर स्पीकरच टाकाऊ. नानांचा तो "बुवा बसलेत कुठे?" हा प्रश्न मी आता दुकानात विक्रेत्यांना विचारतो. बहुतेकांना कळत नाही, एखादा हसतो. जो हसतो त्याच्याकडून घ्यावं.

दुकानाचं निघालंच आहे तर, स्वतःची गाणी घेऊन जा. ते लावतात त्या गिटार-ढोलच्या चकचकीत तुकड्यावर कुठलाही स्पीकर गोड वाटतो. आणि दोन जोड्यांची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी करून घ्या. एका शोरूममध्ये माझ्यादेखत महागड्या जोडीच्या वेळी विक्रेत्याचा अंगठा व्हॉल्यूमवर होता. जरासा मोठा आवाज कानाला 'चांगला' वाटतो, एवढंच त्यामागचं शास्त्र.

मांडणीत मात्र आळस करू नका, तिथे पैसे लागत नाहीत. दोन स्पीकर आणि तुम्ही असा त्रिकोण जमवा, तिन्ही बाजू साधारण सारख्या. ट्वीटर (वरच्या स्वरांचा छोटा स्पीकर) कानाच्या उंचीला. सोफ्यावर बसलात तर कान जमिनीपासून तीन फुटांच्या वर असतो, भारतीय बैठकीवर अडीचच्या आसपास, तेव्हा स्टँड त्या हिशोबाने घ्या. मागच्या भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे ओढा, कोपऱ्यात कोंबलेत तर घुमतो. टीव्ही युनिटच्या कप्प्यात बसवायचा मोह घरच्यांना होईल, सुतार तर आधीच माप घेऊन तयार असेल. नाही म्हणा. हॉलमध्ये उभं राहून टाळी वाजवा. टाळीमागून झणझण ऐकू आली तर तो गुळगुळीत टाइल्स आणि उघड्या भिंतींचा दोष आहे, स्पीकर बदलून जाणार नाही. जाड पडदे, एखादी सतरंजी आणि पुस्तकांनी भरलेलं कपाट यांनी पडणारा फरक दहा हजारांच्या ॲम्पने पडत नाही. वायर साधी तांब्याची, सोळा गेजची घ्या. हजारो रुपयांची वायर विकणारा भेटला तर चहा पिऊन निघा.

आता थोडं माघार घेऊन. तुमच्या घरी सिनेमाच जास्त बघतात आणि संवाद नीट ऐकू येत नाहीत ही खरी तक्रार असेल, तर मधला सेंटर स्पीकर उपयोगी पडतो, हे साडूंच्या बाजूने मान्य. पण पन्नास हजारांत पाच बरे स्पीकर आणि रिसीव्हर (पाचही चालवणारा ॲम्प) बसत नाहीत, त्यात पाच सुमारच येतात. आज दोन चांगले घ्या, हवंच असेल तर सबवूफर दोन वर्षांनी जोडा, आणि तो सोफ्यामागे लपवू नका. ॲम्प घेतानाच त्याला सबवूफरची जोडणी आहे का ते पाहून ठेवा. टीव्ही ब्लूटूथने जोडू नका, ओठ आणि शब्द मागेपुढे होतात. ऑप्टिकल वापरा.

भाड्याचं घर असेल, खाली म्हातारं जोडपं राहत असेल, तर सबवूफरचा विचार मुळीच नको.

आणि जुना माल. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला फिरलात तर जुन्या सोनोडाइनची वगैरे जोडी निम्म्या पैशात मिळू शकते, आणि ती नव्या कोऱ्या स्वस्त पेटीपेक्षा सरस असू शकते. फक्त आधी जाळी काढायला लावा. वूफरच्या कडेची रिंग फोमची असेल तर आपल्या हवेत ती पंधरा-वीस वर्षांत कुजते. बोटाने हलकंच दाबा. काळा भुगा बोटाला लागला तर नवी रिंग बसवण्याचा खर्च किमतीतून वजा करायला सांगा. रबराची असेल आणि कोन मधोमध सरळ आतबाहेर होत असेल, कुठे खरखर नसेल, तर घासाघीस सुरू करा.