आईसमोर बाबांचे नाव काढावे की नाही?

घरातील कर्ता माणूस अचानक गेल्यानंतर माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारी मुले बहुधा एकच प्रश्न विचारतात: "आईसमोर बाबांचा विषय काढला की ती रडते, मग काढायचा की नाही?" नागपुरातील मानेवाड्याहून आलेल्या एका सव्वीस वर्षांच्या मुलीचा प्रश्नही हाच होता. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) वडील अजनीच्या लोको शेडमध्ये, म्हणजे रेल्वे इंजिनांच्या देखभालीच्या कारखान्यात, कामाला होते, हृदयविकाराच्या झटक्याने गेले आणि त्याला चार महिने झाले होते. तेरवीला जमलेल्या नातेवाइकांनी जाताना बजावले होते, "आता आईपुढे काही बोलू नका, तिला सावरू द्या." मुलांनी ते इतके मनावर घेतले की वडिलांचा फोटो आतल्या खोलीत गेला, गाडीवर आच्छादन पडले आणि बारावीतला धाकटा भाऊ जेवणही वेगळ्या वेळी घेऊ लागला.

मी आईला एकटीला भेटायला बोलावले. त्या म्हणाल्या, "मुलांना त्रास नको म्हणून मी मोरीत नळ सोडून रडते. पण मॅडम, चार महिन्यांत ह्यांना सगळे विसरले, असंच वाटतं." मुले आईला जपत होती, आई मुलांना जपत होती आणि या जपण्यात ज्याच्यासाठी सगळे रडत होते त्या माणसाचे नावच घरातून गेले होते. नाव काढल्याने दुःख नव्याने निर्माण होत नाही. ते असतेच, फक्त त्या क्षणी दुसऱ्याला दिसते. शोकाचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ मार्गारेट स्ट्रोब आणि हेन्क शूट यांनी १९९९ मध्ये मांडले की शोकातील माणूस कधी दुःखाकडे वळतो, कधी रोजच्या कामांकडे, आणि ही ये-जा होत राहणे हेच जुळवून घेण्याचे स्वाभाविक रूप आहे. या घरात ये-जाच थांबली होती, कारण दुःखाकडे जाणारा रस्ता सर्वांनी मिळून बंद केला होता.

शेडमधील सहकारी तेरवीनंतर फिरकले नव्हते. त्यांनी शोकसभा घेतली होती आणि तिचा ठराव घरी पोहोचवला होता. त्यात "मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष, हसतमुख" असे लिहिले होते. असे ठराव मी पुष्कळ वाचले आहेत, आणि नाव झाकले तर ते कोणाबद्दल आहेत हे घरच्यांनाही सांगता येणार नाही. म्हणून मी सुचवले की ज्यांच्यासोबत वडिलांची ड्यूटी असे, अशा दोघांना एका रविवारी घरी चहाला बोलवावे आणि त्यांना गुणवर्णन न करता एकेक घडलेला प्रसंग सांगण्याची विनंती करावी. मुलीने फोन केला तेव्हा त्यातील एक काका म्हणाले, "येतो बेटा, काय बोलावं हे समजत नव्हतं म्हणूनच आलो नाही."

त्या रविवारी काकांनी रात्रपाळीतील एका शिकाऊ मुलाची हकिकत सांगितली. तो उपाशी येतो हे लक्षात आल्यावर वडील डब्यात दोन पोळ्या जास्त आणू लागले होते. आई लगेच म्हणाल्या, "दोन नाही, चार. मीच द्यायची, विचारायची नाही." मग त्या रडल्या, आणि मुलगी घाबरून विषय बदलणार तेवढ्यात त्यांनीच डोळे पुसत विचारले, "त्या पोराची नोकरी पक्की झाली का?" धाकट्याला त्या दिवशी वेगळेच कळले. घरी त्याच्या गुणांवरून सतत बोलणाऱ्या वडिलांनी दहावीचा निकाल लागला तेव्हा पाळीवरच्या सगळ्यांना संत्रा बर्फी वाटली होती. घरच्यांना न दिसलेला माणूस सहकाऱ्यांजवळ असतो, तो असा मागून घ्यावा लागतो.

मुलाने नंतर मला विचारले की बाबांचा राग आठवतो, तो बोलून दाखवणे पाप आहे का. मी त्याला सांगितले की ज्यांनी बर्फी वाटली तेच बाबा रागावतही होते, आणि त्यातले एकच आठवायचे ठरवले तर आठवण खोटी होईल. त्याने आईजवळ तो विषय काढला. त्यांच्याकडे त्याहून जास्त तक्रारी निघाल्या.

रडणे म्हणजे आजार नव्हे, हे येथे स्पष्ट करायला हवे. मात्र बारा महिने उलटूनही गेलेल्या माणसाची ओढ जवळजवळ रोज तितकीच तीव्र असेल, घरचे किंवा कामाचे काही करवत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. २०२२ च्या अमेरिकी निदान-निकषांत प्रौढांसाठी हीच कालमर्यादा धरली आहे. जगणे नको असे कोणी बोलले, तर मात्र एक दिवसही थांबू नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी मोफत बोलता येते.

या घरात आता फोटो बैठकीत आला आहे आणि काका अधूनमधून येतात. वडील गेले त्या रात्रीबद्दल मात्र आई अजून एक शब्द बोललेल्या नाहीत, आणि त्या स्वतः बोलेपर्यंत मुलांनीही विचारायचे नाही, असे आमचे ठरले आहे.