‘हे खरे आहे काय’ लिहिण्याआधी

नाशिक

अनेक आशीर्वाद.

आमदारांच्या कार्यालयात लागलीस, फार बरं वाटलं. आमदारांनी विधिमंडळात विचारायच्या कांद्यावरच्या प्रश्नाचा तुझा मसुदा वाचला. ‘शासन कांदा उत्पादकांना वाऱ्यावर का सोडत आहे?’ याला चौकातल्या सभेत टाळ्या मिळतील, पण विधिमंडळ सचिवालयात ते टिकणार नाही. प्रश्नात आरोप, उपरोध, मतप्रदर्शन चालत नाही. माहितीच मागावी लागते. तीही सहज मिळणारी नको. लासलगावची आवक आणि भाव रोज जाहीर होतात, त्यासाठी प्रश्न कशाला खर्च करायचा?

आधी विषय कोणाच्या अखत्यारीत ते बघ. ८ डिसेंबर २०२३ची कांदा निर्यातबंदी दिल्लीची. ती ४ मे २०२४ला उठली, तेव्हा ४० टक्के शुल्क आणि टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य लागू होतं. शुल्क पूर्ण गेलं ते १ एप्रिल २०२५ला. यातलं काहीही मुंबईत विचारलंस तर ‘हा केंद्राचा विषय’ म्हणून मंत्री मोकळे. ते नाशिक किंवा दिंडोरीच्या खासदारांकडे दे. लोकसभेत दिवसाला तारांकित प्रश्न, म्हणजे तोंडी उत्तराचे, २० आणि अतारांकित, म्हणजे लेखी उत्तराचे, २३०. तारांकितला उपप्रश्न विचारता येतात, म्हणून सगळ्यांना तोच हवा असतो. नुसते आकडे हवे असतील तर माझ्या मते अतारांकितच बरा.

आपल्या आमदारांसाठी उरतात बाजार समित्या, म्हणजे पणन विभाग. शेतकऱ्यांचे पैसे व्यापाऱ्यांकडे किती थकले, किती परवाने निलंबित झाले, हे विचार. साचा तुला माहीत आहे: ‘हे खरे आहे काय’, ‘असल्यास, चौकशी केली आहे काय’, ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’. सगळा खेळ पहिल्या भागात असतो. तिथे चार गोष्टी एका वाक्यात कोंबल्यास आणि त्यातली एक जरी सैल निघाली, तर ‘हे खरे नाही’ असं उत्तर येतं आणि खाली ओळीने ‘प्रश्न उद्भवत नाही’. म्हणून पहिल्या भागात एकच गोष्ट ठेव, समितीचं नाव आणि तारखेसकट. ‘अनेक शेतकरी’, ‘गेल्या काही दिवसांपासून’ हे शब्द काढूनच टाक.

‘अंशतः खरे आहे’ आलं तर खूश हो. कोणता अंश, हे विचारणारी चिठ्ठी आमदारांच्या हातात तयार हवी. आणि मंत्री सभागृहात ‘करू’ म्हणाले की कार्यवृत्तातला तो उतारा काढून ठेव. मंत्र्यांनी दिलेला शब्द पाळला का हे बघणारी विधिमंडळाची आश्वासन समिती पाठपुराव्याला आहे.

लक्षवेधी, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना, मात्र राखून ठेव. गारपीट झाली आणि पंचनामे अडले, असं काही असेल तेव्हाच.

मसुदा पुन्हा लिही. त्याआधी शेतकऱ्यांकडून हिशोबपट्ट्यांच्या, म्हणजे माल विकल्यावर बाजारात मिळणाऱ्या पावत्यांच्या, झेरॉक्स गोळा कर, लिलावाची तारीख आणि रक्कम वाचता येईल अशा. त्याही मला पाठव.