वेणीचा मफलर पहिल्यांदा करताय? मग हे वाचा
अगं घाबरू नकोस, वेणी दिसते अवघड पण असते नुसती टाक्यांची अदलाबदल. 6 टाक्यांची वेणी घे, त्यातले पहिले 3 छोट्या जादा सुईवर काढून पुढे लटकत ठेवायचे, त्यानंतरचे 3 सुलट विणायचे आणि मग ते लटकवलेले 3 विणायचे, झाला पीळ, तो डावीकडे वळतो आणि सुई मागे धरलीस तर उजवीकडे. मी पहिल्या मफलरला एकदा पुढे एकदा मागे धरत बसले, वेणी कुठली, नागमोडी साप झाला होता नुसता 😄

वेणीच्या दोन्ही बाजूंना 2-2 टाके उलट ठेव म्हणजे ती उठून दिसते. पीळ दर 6 किंवा 8 ओळींनी, ओळी कागदावर मांडत जा, लक्षात राहतं वगैरे काही नसतं. वेणी विणकाम आत ओढते म्हणून साध्या मफलरपेक्षा टाके थोडे जास्त घाल. कडेचे 3-3 टाके प्रत्येक ओळीत सुलटच, नाहीतर कडा गुंडाळतात.

आणि लोकर फिक्या रंगाची घे बाई, काळ्यात टाकेही दिसत नाहीत आणि वेणीही.