अंड्यांचे पांढरे घरी वेगळे करून साठवल्याने खरोखर पैसे वाचतात का?

आपण विचारले आहे की, मुलगा व्यायामशाळेत जाऊ लागल्यापासून रोज आठ अंड्यांचे फक्त पांढरे खातो, त्यासाठी पांढऱ्याचा बाटलीबंद द्रव आणणे परवडत नाही. तर ट्रेच्या भावाने अंडी आणून पांढरे घरीच वेगळे करून ठेवले तर बचत होईल का, ते किती दिवस टिकेल आणि उरलेल्या पिवळ्याचे काय करावे. मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते. माझे सासरे डायलिसिसवर असल्यामुळे गेली तीन वर्षे आमच्या घरात हे काम आठवड्यातून दोनदा होते. डायलिसिसमध्ये शरीरातील काही प्रथिने निघून जातात, म्हणून ती आहारातून भरून काढावी लागतात. पण फॉस्फरस मात्र वाढू द्यायचा नसतो. एका अंड्याच्या पांढऱ्यात फॉस्फरस जेमतेम 5 मिलिग्रॅम असतो आणि पिवळ्या बलकात 65 मिलिग्रॅमच्या आसपास. आहारतज्ज्ञांनी त्यांना रोज चार अंड्यांचे पांढरे सांगितले आणि पिवळे पूर्ण बंद केले, तेव्हापासून आपला प्रश्न हाच माझाही प्रश्न झाला.

माझे उत्तर असे आहे की पैसे वाचतात, परंतु ते पांढरे वेगळे केल्याने वाचत नाहीत, तर पिवळे वाया न घालवल्याने वाचतात. ज्या घरात पिवळे मोरीत जाते, त्या घरातली बचत कागदावरच राहते.

हिशोब मांडून दाखवते. समजा अंडे 7 रुपयांना पडते, म्हणजे 30 अंड्यांचा ट्रे 210 रुपयांना. आपल्याकडे मिळणाऱ्या मध्यम आकाराच्या अंड्यात पांढरे साधारण 30 ग्रॅम आणि पिवळे 16 ते 17 ग्रॅम भरते. एक किलो पांढऱ्यासाठी 33 अंडी फोडावी लागतात आणि त्यांचे सुमारे 230 रुपये होतात. बाटलीबंद द्रवाचा किलोचा भाव याच्याशी ताडून पाहावा. अंड्याचा भाव बदलला तर त्या दिवशीच्या भावाला 33 ने गुणावे, म्हणजे तुलना तुमच्या हातात राहते. आता प्रथिनांकडे पाहू. एका पांढऱ्यात सव्वातीन ग्रॅमच्या आसपास आणि पिवळ्यात पावणेतीन ग्रॅमच्या आसपास प्रथिन असते. पिवळ्यात प्रथिन नसतेच असा समज फार पसरलेला आहे आणि तो साफ चुकीचा आहे. एका ट्रेमधील सुमारे 180 ग्रॅम प्रथिनांपैकी 80 ग्रॅम पिवळ्यात असते. म्हणजे पिवळे टाकणारा माणूस 210 रुपयांच्या ट्रेमधले 90 रुपयांचे प्रथिन टाकून देतो. शिवाय अ आणि ड जीवनसत्त्व, लोह, कोलीन हेही जवळजवळ सगळे पिवळ्यातच असते.

म्हणून आपल्या मुलाविषयी माझी पहिली सूचना साठवणुकीची नाही. तो निरोगी असेल आणि डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलबाबत काही बंधन घातलेले नसेल, तर त्याने आठ पांढऱ्यांऐवजी दोन अख्खी अंडी आणि चार पांढरे खावे. आठ पांढऱ्यांतून त्याला सुमारे 26 ग्रॅम प्रथिन मिळते, या नव्या हिशोबाने 25 ग्रॅम मिळेल, रोज आठऐवजी सहाच अंडी लागतील आणि उरणारे पिवळे आठांवरून चारांवर येतील. महिन्याला 60 अंडी कमी, म्हणजे 7 रुपयांच्या भावाने 420 रुपये, तेही काहीही न साठवता.

दुसरी गोष्ट, पांढरे शिजवलेलेच खायचे असेल तर कच्चे वेगळे करण्याचा खटाटोप कशासाठी, याचाही विचार करावा. अंडी उकडून, कवचासकट फ्रिजमध्ये ठेवली तर आठवडाभर उत्तम राहतात, आणि उकडलेल्या अंड्यातून पिवळे लहान मूलही अलगद काढू शकते. कच्चे पांढरे वेगळे करण्याची गरज ऑम्लेट, भुर्जी, केक किंवा आमच्यासारख्या रुग्णाच्या वेगवेगळ्या पदार्थांसाठी असते. रोज तेच उकडलेले पांढरे पाहून सासऱ्यांची जेवणावरची वासनाच उडाली होती. तेव्हा मी पांढरे हलके घुसळून, जिरेपूड आणि मिरपूड घालून इडलीपात्राच्या तेल लावलेल्या वाट्यांत ओतले आणि आठ-दहा मिनिटे वाफवले. एका वाटीत बरोबर एका अंड्याचे पांढरे बसते. ताटात चार पांढऱ्याशुभ्र, मऊ इडल्या पाहून त्यांनी बऱ्याच दिवसांनी स्वतःहून हात पुढे केला, तो क्षण माझ्या लक्षात राहिला आहे.

आता वेगळे करण्याची रीत. अंडी फ्रिजमधून काढल्या काढल्या फोडावीत, कारण थंड असताना पिवळ्यावरचा पातळ पापुद्रा घट्ट असतो. अंडे जसजसे शिळे होते आणि गरम होते तसतसा तो सैल पडतो आणि बलक फुटतो. अंडी आणल्यावर धुऊन ठेवू नयेत. कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात आणि त्यांवर एक नैसर्गिक लेप असतो, तो धुण्याने निघून जातो. अंडे मळलेले असेल तर फोडण्याच्या अगदी आधी, किंचित कोमट पाण्याने धुऊन लगेच कोरडे करावे. अंड्याहून थंड पाण्याने धुतले तर आतला भाग आकसतो आणि बाहेरची घाण छिद्रांतून आत ओढली जाण्याची भीती असते.

मी हातानेच वेगळे करते. कवचाच्या दोन अर्ध्या भागांत पिवळे इकडून तिकडे खेळवण्याची पद्धत दिसायला सुबक आहे, पण कवचाची धारदार कड बलकाला लागते आणि कवचावरचे जंतू प्रत्येक वेळी पांढऱ्याला स्पर्श करतात. बाटली दाबून पिवळे ओढून घेण्याची युक्ती एखाद-दोन अंड्यांपुरती ठीक आहे, वीस अंड्यांना नाही. स्वच्छ धुतलेला हात वाटीवर ओंजळीसारखा धरावा, बोटांत किंचित फट ठेवावी आणि अंडे त्यात सोडावे. पातळ पांढरे लगेच निसटते, घट्ट पांढरे थोडा वेळ बोटांना लोंबत राहते, आणि शेवटी बलकाला चिकटलेला पांढरा पिळदार दोरा उरतो. तो पाहून अनेक जण अंडे खराब समजतात. प्रत्यक्षात तो बलकाला मधोमध धरून ठेवणारा भाग आहे आणि ताज्या अंड्यात तो अधिक ठळक दिसतो. अंगठ्याने तो तोडून पांढऱ्यातच सोडावा.

भांडी मात्र तीन घ्यावीत: एक लहान वाटी, एक पांढऱ्याचे भांडे, एक पिवळ्याचे. प्रत्येक अंड्याचे पांढरे आधी लहान वाटीत पडू द्यावे, ते स्वच्छ दिसले तरच मोठ्या भांड्यात ओतावे. पहिल्या उन्हाळ्यात मी हे टाळले होते. मे महिन्यातली दुपार होती, अंडी दुकानात उघड्यावर राहिलेली होती, आणि अठरावे अंडे फोडताच नासक्या वासाने मला मागे सरावे लागले. सतरा अंड्यांचे स्वच्छ पांढरे त्या एकापायी फेकून द्यावे लागले. तेव्हापासून उन्हाळ्यात मी ट्रे दुपारी आणतच नाही. सकाळी गोल्फ क्लब मैदानावर फिरून परतताना आणते आणि घरी पोहोचताच फ्रिजमध्ये ठेवते.

पिवळ्याचा थेंबही पांढऱ्यात जाऊ नये, यामागे दोन कारणे आहेत. केकसाठी फेस काढायचा असेल तर पिवळ्यातील स्निग्धांश तो फुलू देत नाही, हे बहुतेकांना माहीत असते. दुसरे कारण साठवणुकीचे आहे. पांढऱ्याला निसर्गतः जंतूंपासून काही संरक्षण असते: त्यातील लायसोझाइम हे प्रथिन जंतूंचे आवरण फोडते आणि दुसरे एक प्रथिन लोह बांधून ठेवते, त्यामुळे जंतूंना ते मिळत नाही. पिवळे मिसळले की जंतूंना लोह आणि पोषण आयते मिळते. म्हणून बलक फुटलेल्या अंड्याचे पांढरे मी साठवत नाही, त्याची त्याच वेळी भुर्जी करते.

टिकण्याबद्दल. कवचात असलेले अंडे फ्रिजमध्ये तीन ते पाच आठवडे राहते, पण एकदा फोडले की कच्चे पांढरे झाकणबंद काचेच्या बरणीत चार दिवसच ठेवावे, आणि तेही फ्रिजच्या आतल्या कप्प्यात. दारातल्या कप्प्यात ठेवू नये, कारण दार उघडताना सगळ्यात जास्त ऊब तिथेच लागते. त्यामुळे फ्रिज भरून ठेवण्यासाठी अंडी आधीच फोडणे हा मुळातच उलटा उद्योग आहे. कवचापेक्षा चांगला डबा आपल्याकडे नाही. पांढऱ्यावर गुलाबी किंवा हिरवट चमकणारी झाक आली, तर वास आला नसला तरी ते टाकून द्यावे. ताज्या पांढऱ्यात हलकी पिवळसर-हिरवी छटा असते, ती मात्र रायबोफ्लेविन या जीवनसत्त्वाची असते आणि निर्धोक असते.

त्याहून जास्त दिवस ठेवायचे असेल तर फ्रीझर. पांढरे गोठवल्याने बिघडत नाही आणि वर्षभर टिकते. वितळल्यावर त्याचा फेसही चांगला निघतो. एका अंड्याचे पांढरे म्हणजे पोह्याचे नव्हे, तर मापाचे दोन मोठे चमचे, सुमारे 30 मिलिलीटर. आपल्या बर्फाच्या ट्रेच्या एका खणात किती मावते ते पाण्याने एकदा मोजून घ्यावे, म्हणजे किती तुकडे म्हणजे किती अंडी हे कायमचे कळते. गोठलेले तुकडे घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत भरून त्यावर तारीख लिहावी. हवे तेवढे तुकडे आदल्या रात्री फ्रिजमध्ये काढून ठेवावेत, ओट्यावर नव्हे, आणि वितळलेले पांढरे त्याच दिवशी शिजवावे. पुन्हा गोठवू नये. वीज गेली तर दार उघडू नये: भरलेला फ्रीझर बंद राहिला तर दोन दिवस, अर्धा भरलेला असेल तर एक दिवस थंडी धरतो, पण खालच्या फ्रिजमध्ये चार तासांहून जास्त वीज नसेल तर तिथले कच्चे पांढरे मी ठेवत नाही. रुग्णाच्या बाबतीत तर अजिबात नाही.

गोठवण्याचा खरा आर्थिक फायदा भावाच्या चढउतारात आहे. पुण्याची राष्ट्रीय अंडी समन्वय समिती, जी 1982 पासून काम करते, रोज शेकड्याचे भाव जाहीर करते; त्यावर आठवडाभर नजर ठेवली की दुकानदाराचा भाव कुठे आहे ते कळते. श्रावणात आपल्याकडे बहुतेक घरे अंडी-मटण बंद करतात, तेव्हा भाव उतरतो, आणि थंडीत तो चढतो. आमच्याकडे सासऱ्यांसाठी श्रावणातही अंडी येतात, म्हणून मी त्या महिन्यात दोन ट्रे जास्तीचे गोठवते.

पिवळ्याचे आधी ठरवावे आणि मगच अंडी फोडावीत, एवढा एकच नियम मी कसोशीने पाळते. कच्चे पिवळे फ्रिजमध्ये दोनच दिवस, वर थोडे थंड पाणी घालून ठेवावे, म्हणजे त्यावर साय धरत नाही. नुसतेच गोठवले तर ते चिकट गोळा होते आणि पुन्हा पातळ होत नाही. म्हणून चार पिवळ्यांना चहाच्या चमच्याचा आठवा भाग मीठ, किंवा गोडासाठी दीड चमचा साखर घालून मगच गोठवावे आणि पिशवीवर मिठाचे की साखरेचे ते लिहावे. आमच्याकडे सर्वांत जास्त पिवळे काळ्या मसाल्याच्या रश्श्यात जाते: उकडलेले बलक वाटणाबरोबर कुस्करून टाकले की रस्सा दाटसर होतो आणि खोबरे कमी लागते. मुलांसाठी अर्धा लिटर दुधाला चार पिवळे घालून मंद आचेवर कस्टर्ड होते. गोव्याची बेबिंका ही थरांची मिठाई तर बहुतांशी पिवळ्यावरच उभी असते. सणाला तीही करून पाहावी.

एक गोष्ट मुलाला आवर्जून सांगावी. बाटलीबंद द्रव निर्जंतुकीकरण केलेला असतो, घरचे पांढरे तसे नसते, त्यामुळे ते ग्लासात ओतून कच्चे पिऊ नये. पोट बिघडवणाऱ्या साल्मोनेला जंतूंचा धोका तर आहेच, शिवाय कच्च्या अंड्यातील प्रथिन शरीराला सुमारे 50 टक्केच मिळते आणि शिजवलेल्यातील सुमारे 90 टक्के. कच्च्या पांढऱ्यातील ॲव्हिडिन नावाचे प्रथिन बायोटिन हे जीवनसत्त्वही अडवून धरते. कच्चे पिणाऱ्याचा निम्मा पैसा असाच जातो.

भांडी धुताना आधी थंड पाणी वापरावे. गरम पाण्याने पांढरे भांड्यालाच शिजून चिकटते आणि वास राहतो. सुरुवात 12 अंड्यांपासून करावी: आठ पांढरे गोठवावेत, चार दोन दिवसांत संपवावेत, आणि बाराही पिवळे कोणत्या दिवशी कोणत्या पातेल्यात जाणार ते फोडण्यापूर्वी कागदावर लिहून फ्रिजला लावावे. हे जमले की मग ट्रे आणावा.