डी भरून निघालं की वजन उतरेल ना?

लालबागच्या एक ताई आल्या. वय ४४, वजन ८६ किलो. खुर्चीत टेकायच्या आधीच पर्समधून रिपोर्ट निघाला. व्हिटॅमिन डी ११, आकड्याभोवती लाल पेनाने गोल.

"मॅडम, कारण सापडलं. डी कमी म्हणून वजन वाढतंय. हे भरून निघालं की उतरेल ना?"

हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव असतो. दोष आपल्या जेवणाचा नाही, जीवनसत्त्वाचा! तो भाव पुसायचं काम माझ्या वाट्याला येतं.

"ताई, बरंचसं उलटं आहे," मी म्हटलं. डी चरबीत विरघळतं. अंगावर चरबी जास्त असली की ते तिथेच मुरतं, रक्तात कमी दिसतं. २०१३ मध्ये सुमारे ४२ हजार लोकांची जनुकीय माहिती तपासून संशोधकांनी हेच पाहिलं: बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, वाढला की डी घटतं, डी कमी असल्यामुळे वजन वाढतं, असं मात्र दिसलं नाही.

"मग डीच्या पुड्या बंद करू?"

अजिबात नाही. २० च्या खाली म्हणजे कमतरताच, हाडांसाठी ती भरायलाच हवी. उलट लठ्ठपणात डोस दुपटी-तिपटीने जास्तही लागू शकतो, पण तो डॉक्टरांनी ठरवायचा. इथे मला शंका आली. डॉक्टरांनी साठ हजार युनिटची पुडी आठवड्याला एक सांगितलेली, बाई दोन घेत होत्या, "लवकर बारीक व्हायला." त्याही उपाशीपोटी, कोऱ्या चहानंतर. डी अति झालं तर रक्तात कॅल्शियम वाढतं, मळमळ होते, किडनीला त्रास होतो. जादाची पुडी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायला लावलं. राहिलेली एक दुपारच्या जेवणानंतर, वरणभातावर तूप असतं तेव्हा.

आणि ऊन? "घेते की, सकाळी सातला, बंद स्लायडिंगपाशी बसून." नव्या टॉवरमधलं ऊन ते! डी बनवणारे किरण काच अडवते, आणि सातच्या कोवळ्या उन्हात ते असतातच नावापुरते.

तीन महिन्यांनी डी ३३ झालं. वजन ८५.

ताईंनी रिपोर्ट घडी करून पर्समध्ये ठेवला. "बरं, आता खरं सांगते. रात्री साडेदहाला जेवते मी, आणि त्याआधी ट्रेनमध्ये फरसाण."

मी वही उघडली.