किल्ली कुणाकडे असते, भाऊ?

पत्र: ताई, मी यवतमाळ जिल्ह्यातला कास्तकार. मुलगी दहावीला आहे, तालुक्याच्या गावी वसतिगृहात राहते. दिवाळीच्या सुट्टीत तिची एक जाड वही सापडली. त्यात ती काळ्या जादूच्या शाळेची कादंबरी लिहिते आहे. सावल्या खाणारी हेडबाई, नापास झाल्या की दगड होणाऱ्या पोरी, कुजबुजणाऱ्या भिंती, रात्री दहाला दाराला बाहेरून कुलूप लावून किल्ली घरी नेणारी बाई, असं काहीबाही. मोबाइलवर अशाच इंग्रजी कादंबऱ्या वाचते. तिचा मामा म्हणतो, पोरीला बाहेरचं झालं, बाबाकडे दाखवा. मी वही अलमारीत बंद केली. ती रडत परत गेली. हे वाचणं-लिहिणं कसं सोडवू?

भाऊ, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच जागी अडले. सावल्या खाणारी हेडबाई, दगड झालेल्या पोरी, बोलणाऱ्या भिंती हे या जातीच्या कादंबऱ्यांत असतंच. मी स्वतः त्या आवडीनं वाचते. पण जादूच्या शाळेला कुलूप कशाला लागेल? तिथं दार मंत्रानं बंद होतं. आणि जादूगारीण रात्री किल्ली घेऊन घरी जात नाही. एवढं एक वाक्य मला कल्पनेतलं वाटत नाही. तुम्ही मात्र ते ‘काहीबाही’त टाकून दिलंत.

काळी शाळा काही मोबाइलमधून निघालेली नाही. आइसलंडच्या जुन्या लोककथेत ती आहे. जमिनीखाली, एक खिडकी नाही. पुस्तकांची अक्षरं आगीची, म्हणून अंधारातही वाचता येतात. भिंतीतून एक केसाळ हात जेवण पुढे करतो. शिक्षण संपलं की सगळ्यांनी बाहेर पडायचं, पण शेवटी निघेल तो सैतानाचा. सैमुंदुर नावाचा शहाणा शेवटी निघायला तयार झाला, अंगरखा खांद्यावर नुसता टाकून. सैतानानं अंगरखा धरला, हा निसटला, आणि लोखंडी दार त्याच्या टाचेवर आदळलं. रोमानियाच्या कथेत तर दहा शिष्यांतला एक सैतान फी म्हणून ठेवूनच घेतो. या गोष्टींचा जीव पहिल्यापासून दारातच आहे. कोण बाहेर पडेल, कोण आत राहील.

आणि पोरी त्या का वाचतात? आईबाप लांब, मोठ्यांवर भरवसा नाही, आणि रात्र काढायची तर पोरीपोरींनीच एकमेकींना धरून राहायचं. वसतिगृहातल्या मुलीला यातलं परकं काय आहे, सांगा. जे बापाला तोंडानं सांगता येत नाही ते राक्षसाच्या गोष्टीत घालता येतं. ती वही तिनं घरी आणली होती, भाऊ. तुम्ही ती अलमारीत टाकलीत. मला याचा राग आला आहे, तो लपवत नाही.

मामांना निरोप द्या: भूत उतरवायच्या नावाखाली पोरीला मारलं, छळलं तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं तो गुन्हा आहे. बाबाचा विषय इथंच संपला.

मला भीती कुलपाची वाटते. रात्री वायर जळाली तर? एखादीला साप चावला तर? १६ जुलै २००४ ला तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेला आग लागली आणि ९४ लेकरं गेली. ती आग दिवसाढवळ्या लागली होती. बाहेर पडायचा जिना अरुंद होता, त्यानं घात आणखी वाढला.

या शनिवारी रात्री साडेदहाला त्या वसतिगृहाच्या दाराशी जाऊन उभे राहा. न कळवता. दिवसा जाऊ नका, दिवसा दार उघडंच दिसेल. कापूस वेचणीचे दिवस आहेत, मजूर मिळत नाहीत, शेवटची एसटी तोवर निघून गेलेली असते, सगळं ठाऊक आहे मला. तरी जा. गावातल्या आणखी कुणाची पोर तिथं असेल तर त्या बापाला गाडीवर मागं बसवा. मुलीला आधी काही विचारू नका, साक्षीचं ओझं तिच्यावर नको. कुलूप दिसलं तर फोटो काढा, बाईंना फोन लावा, आणि किल्ली येईपर्यंत तिथून हलू नका. कुणी दमदाटी केली तर १०९८ लावा, मुलांसाठीचा हा नंबर रात्रीही चालतो. दुसऱ्या दिवसापासून रात्री एक बाई आत राहिली पाहिजे आणि किल्ली आतच असली पाहिजे, हे त्यांच्याकडून लिहून घ्या.

कुलूप नसेल तर मी चुकले, आणि मला त्याचा आनंदच होईल.

वही मात्र पिशवीत घालून न्या. दार उघडलं की तिच्या हातात द्या, आणि त्या हेडबाईचं पुढं काय होतं ते तिला विचारा.